भोपळ्याची गोष्ट, एकच पुस्तक आणि बावीस मुलं : उपक्रम कसे आखावेत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बालवाडीत तीन ते पाच वयाची बावीस मुलं आहेत. म्हातारी आणि भोपळ्याच्या गोष्टीचं एकच चित्रपुस्तक आहे आणि मुलांना रोज तेच हवं असतं. त्यावर दोन आठवड्यांचे उपक्रम आखायचे आहेत. एकदा नाटक बसवून पाहिलंत, तर निम्म्या वर्गाला वाघच व्हायचं होतं, म्हातारी झालेली मुलगी वाक्य विसरली आणि रडली, बाकीची सतरंजीवर लोळू लागली. त्यात मुख्याध्यापिकाबाईंना हेच स्नेहसंमेलनात हवं आहे. म्हणून तुम्ही उपक्रमांची यादी मागितली आहे.

यादी हवी तेवढी लांब करता येईल. भोपळा रंगवा, बिया मोजा, भोपळ्याचा ठसा उमटवा, ‘भ’ गिरवा. पण त्याने तुमची अडचण सुटेल असं मला वाटत नाही. नाटक फसलं ते मुलं खोडकर होती म्हणून नाही. गोष्ट अजून मुलांच्या अंगात खेळायला लागलेली नव्हती, तोच तिचे संवाद आणि रांगा ठरून गेल्या. या वयात पाठ केलेलं वाक्य मोठ्यांना ऐकवणं हे एक काम असतं आणि ‘मी म्हातारी आहे’ असं मानून जंगलातून चालणं हे दुसरंच. तुम्हाला दुसरं हवं होतं आणि मुलांना पहिलं करायला सांगितलं गेलं. त्यामुळे ‘या पुस्तकावर काय काय करता येईल’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. या पुस्तकात मुलं नेमकी कुठे अडकतात, हे आधी शोधावं लागेल. उपक्रम तिथूनच निघतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. तीन वर्षांची मुलं जास्त असतील तर खेळ छोटा आणि वाघ सौम्य ठेवा. पाच वर्षांची जास्त असतील तर ती तुमच्या पुढे पळतील, त्यांना अडवू नका. मदतनीस ताई आहेत की तुम्ही एकट्याच, खोलीत पळायला जागा आहे की बाकांमधून वाट काढावी लागते, यानेही बराच फरक पडतो. एकट्या असाल तर मी खाली सांगते त्यातलं निम्मंच करा.

पहिले तीन-चार दिवस फक्त वाचन. बावीस मुलांसमोर एक पुस्तक उंच धरलं की मागच्यांना फक्त तुमचा हात दिसतो. मी सात-आठ मुलांचे गट करते. एक गट पुस्तकाशी, बाकीचे ठोकळे, माती, चित्रं यांत. मदतीला कोणी नसेल तर सगळ्यांना एकदाच वाचून दाखवा, पण दुपारी डबे संपल्यावर ज्यांना हवं त्यांना पुन्हा, अगदी जवळ बसवून. आणि वाचून झालं की पुस्तक कपाटात नको, मुलांच्या हाताला येईल असं ठेवा. फाटेल. फाटलं की मुलांसमोरच चिकटपट्टी लावून दुरुस्त करा, हाही एक उपक्रमच आहे.

‘रोज तेच वाचून मुलं कंटाळणार नाहीत का?’ असं पालक विचारतात. कंटाळतो तो मोठा माणूस. 2011 मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांना आठवडाभर गोष्टी वाचून दाखवल्या. काहींना त्याच त्याच, काहींना निरनिराळ्या. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानावर सारख्याच वेळा पडले होते, तरी त्याच गोष्टी पुन्हा ऐकणाऱ्या मुलांनी ते जास्त शिकून घेतले. आपल्या आज्यांनी हे कुठल्याही अभ्यासाशिवाय ओळखलं होतं, ही गोष्ट वेगळी.

वाचताना प्रश्नांचा मारा टाळा. ‘वाघाचा रंग कोणता? पाय किती?’ ही परीक्षा झाली. ‘चल रे भोपळ्या…’ म्हणून नुसतं थांबा, उरलेलं वर्ग म्हणेल. कधीतरी एखादा खराखुरा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर पुस्तकात नाही: भोपळ्यात बसल्यावर म्हातारीला काय दिसत असेल? वाघाने मधल्या दिवसांत काय खाल्लं असेल? आणि तात्पर्य विचारू नका. चार वर्षांच्या मुलाला तात्पर्य विचारलं की ते तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतं.

या दिवसांत तुमचं खरं काम बघण्याचं आहे. एक छोटी वही जवळ ठेवा. कोणतं पान मुलं परत मागतात, कुठे गप्प होतात, कुठे एकमेकांना चिकटतात, काय पुटपुटतात, ते दोन शब्दांत टिपा. या गोष्टीत माझ्या अनुभवात मुलं तीन जागी थांबतात. एक, म्हातारी वाघाला हूल देते ती जागा: ‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा.’ लहान आणि दुबळं माणूस निव्वळ बोलून मोठ्याला थांबवतं, याचं त्यांना फार अप्रूप असतं, कारण ती दिवसभर मोठ्यांच्या राज्यात राहतात. दोन, भोपळ्यात लपणं. मी आत आहे, मला सगळं ऐकू येतंय, पण मी कोणाला दिसत नाही. तीन, जी मोठ्यांच्या लक्षातच येत नाही: लेकीचं घर. पुस्तकात ते जेमतेम एका पानावर असतं, पण मुलांना तिथे राहायचं असतं. तुमच्या वर्गात यातली कोणती जागा घट्ट आहे ते वही सांगेल. तिघींवर एकदम काम करायची गरज नाही.

मधल्या एखाद्या दिवशी वर्गात खरा भोपळा आणा, अख्खा, लाल, जमेल तेवढा मोठा. तुमच्याकडे त्याला डांगर म्हणत असतील तर डांगरच म्हणा. पहिल्या दिवशी चिरू नका. उचलून बघू दे, वाजवून बघू दे, कान लावू दे. मग विचारा, हा गडगडत जाईल का? मुलं ठामपणे हो म्हणतील. ढकलला की तो सरळ जातच नाही. चपटा आणि फाकाफाकांचा असल्याने डुलतो, वळतो, भिंतीकडे जातो. एका घसरगुंडीवरून सोडला तर जरा पळतो. मग मोठ्या गटातली मुलं आपणच म्हणतात की म्हणूनच त्याला टुणूक टुणूक उड्या माराव्या लागल्या. पाण्याच्या टबात सोडला तर तरंगतो, आत पोकळ असतो म्हणून. हे मुलांना खरं वाटत नाही, कारण हातात तो इतका जड लागलेला असतो. दुसऱ्या दिवशी चिरा, आतला गर आणि बिया हाताने काढू दे. थोड्या बिया धुऊन वाळवा, थोड्या मातीत लावा. उबदार हवेत आठवडाभरात कोंब वर येतो, म्हणजे तुमचा दुसरा आठवडा संपायच्या आत. गराचे घारगे करायचे असतील तर आदल्या दिवशी पालकांना विचारून घ्या, कोणाला काय चालत नाही ते.

साहित्यासाठी पैसे नाहीत असंही तुम्ही लिहिलं आहे. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावी बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं, माती यांतूनच साधनं उभी केली. एका भोपळ्यात तुमचं जवळजवळ सगळं साहित्य आलं. छापील भोपळ्यात केशरी रंग भरायचे बावीस कागद मात्र काढू नका. भिंत भरते, पालक खूश होतात, पण त्यात मुलांचं डोकं कुठे लागत नाही. चिकणमाती द्या, हव्या त्या आकाराचा भोपळा करू दे. कोणाचा भोपळा लाडवाएवढा, कोणाचा पोळीसारखा होईल. होऊ दे. बिया मोजायच्या तर मोजा, त्याचा वेगळा ‘गणिताचा तास’ करू नका.

आता खेळाकडे. वाघ कोणी व्हायचं हा तंटा सोडवायचा सोपा मार्ग म्हणजे पहिल्या फेरीत वाघ तुम्ही व्हायचं आणि वर्गातली सगळी मुलं म्हातारी. सगळ्यांच्या हातात काठी नको, डोळ्यांत जाईल. एक हात कमरेवर, पाठ वाकलेली, एवढं पुरे. वर्गातून, व्हरांड्यातून, झाडाला वळसा घालून बावीस म्हाताऱ्या लेकीकडे निघतात. वाटेत तुम्ही खांद्यावर पिवळी ओढणी घेता. मुलांच्या देखतच घ्या, म्हणजे ताईच वाघ झाल्या आहेत हे त्यांना माहीत असतं. आणि ओढणी काढली की परत ताई. तीन वर्षांच्या मुलासाठी ही ओढणी फार मोलाची आहे. भीती वाटली तर ‘ओढणी काढा’ असं त्याला म्हणता आलं पाहिजे, हे आधीच सांगून ठेवा.

‘थांब म्हातारे, मी तुला खातो!’ म्हणा आणि गप्प राहा. म्हातारी काय म्हणते हे पाठ करून घेऊ नका. कोणी ‘तूप-रोटी खाईन’ म्हणेल, कोणी ‘माझ्या बाबांना सांगेन’, कोणी ‘मी कडू लागते’. सगळं चालेल. वाघ म्हणून तुम्ही थोडी घासाघीस करा: ‘किती दिवसांनी येशील? नक्की येशील?’ मुलं वाघाला पटवायला जी भाषा वापरतात, ती नेहमीच्या भाषाविकासाच्या तासात सहसा ऐकू येत नाही. ज्यांच्या घरी अहिराणी, वारली, हिंदी किंवा कन्नड बोलतात त्यांनी घरच्या भाषेत पटवावं. वाघाला सगळ्या भाषा येतात.

एक सूचना ‘लठ्ठ’ बद्दल. वर्गात एखादं गुटगुटीत मूल असेल तर हा शब्द दोन दिवसांत त्याच्यावर येऊन पडतो. मी खेळात ‘ताजीतवानी होईन, मग खा’ असं म्हणते. मुलं पुस्तकातलं म्हणतात तेव्हा अडवत नाही, पण कोणाकडे बोट गेलं की लगेच बोलते.

दोन-तीन फेऱ्या झाल्या की वाघाचं काम मुलांकडे द्या. चौघांना वाघ व्हायचं असेल तर चार वाघ, नाहीतर वाघ, कोल्हा, अस्वल, लांडगा. तोंडावर मुखवटा बांधू नका. तो घसरतो, डोळे झाकतो, घाम येतो, आणि लहान मुलं समोरच्या मुखवट्यालाच घाबरतात. कमरेला खोचलेलं ओढणीचं शेपूट पुरतं.

आणि इथे या गोष्टीची खरी गंमत आहे. वाघाचं काम खाण्याचं नाहीच, थांबण्याचं आहे. म्हातारी लेकीकडे राहून परत येईपर्यंत त्याने आपल्या झाडाखाली बसून राहायचं. वर्गातला जो मुलगा एरवी दोन मिनिटं एका जागी बसत नाही, तो वाघ झाला की बसतो, कारण वाघ थांबलेला असतो. लेव्ह वायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने खेळाबद्दल हेच मांडलं होतं. कल्पनेच्या खेळात मूल मोकाट सुटत नाही. घेतलेल्या भूमिकेचा नियम ते आपणहून पाळतं, आणि एरवी न जमणारा संयम तिथे त्याला जमतो. त्यामुळे ज्याला वाघच व्हायचं आहे त्याला जरूर करा. फक्त थांबायची जागा नक्की दाखवा, फरशीवर खडूने गोल आखा. आणि पहिल्यांदा ही वाट पाहणं अगदी थोडं ठेवा, एखादं गाणं म्हणून होईल इतकंच.

भोपळ्यासाठी कपाटाचा किंवा फ्रिजचा मोठा खोका मिळाला तर दोन्ही बाजू उघड्या ठेवून बोगदा करा. नाही मिळाला तर जुनी साडी चौघांनी धरायची आणि खालून म्हातारी वाकून जाते. बंद होणारी पेटी, प्लॅस्टिकची पिशवी, डोक्यावरून गुंडाळलेलं कापड अजिबात नको. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला आत ढकलू नका. साडी धरणारे, टाळ्यांनी टुणूक टुणूक वाजवणारे, झाड होऊन उभे राहणारे हे सगळे खेळातच असतात. नुसतं सतरंजीवर बसून बघणारं मूलही खेळातच असतं. अशी मुलं बहुतेक वेळा तीन-चार दिवस बघतात आणि एक दिवस कोणी बोलावल्याशिवाय उठून आत शिरतात. तुमच्या वर्गात रडलेली मुलगी आत्ता बसून बघत असेल तर तिला तिच्या वेळेने येऊ द्या. ‘आता तरी बोल’ असं म्हणू नका.

लेकीच्या घरासाठी वर्गाचा एक कोपरा सोडा. एक चटई, चार भांडी, पोळपाट-लाटणं, एक पिशवी, एखादी बाहुली. बाकी काही सांगू नका. आपण ज्याला ‘भूमिकानाट्य’ म्हणून आराखड्यात लिहितो, त्याचं घरातलं नाव भातुकली आहे आणि मुलांना ती आधीपासून येते. म्हातारी आली की तिला पाणी देतात, पाय चेपतात, ‘आता राहा चार दिवस’ म्हणतात, कोणी रागावून ‘इतक्या उशिरा का आलीस’ विचारतं. घरी आजी येते-जाते ते सगळं इथे येतं. काही वेळा नको ते भांडणही येतं. कोणाची आई माहेरी गेली असेल, कोणाची आजी गेली असेल, तर तेही याच कोपऱ्यात निघेल. तेव्हा लगेच समजावू नका. जवळ बसा, खेळातलंच एखादं वाक्य बोला: ‘आज्जी, चहा घेणार का?’ नवीन प्रवेश झालेली, आई सोडून गेली की रडणारी मुलं या कोपऱ्यात वारंवार निघण्याचा आणि परतण्याचा खेळ खेळतात. म्हातारी जाते, पण परत येते, हे त्यांना पुन्हा पुन्हा तपासून पाहायचं असतं. माझा सगळ्यात जास्त वेळ याच कोपऱ्यात जातो आणि नोंदवहीची पानंही इथेच भरतात.

इथपर्यंतचा अंदाज असा धरा: पहिल्या आठवड्याचा पूर्वार्ध वाचनाला, मग भोपळा, आणि आठवडा संपताना सगळ्यांनी म्हातारी होऊन एक-दोन फेऱ्या. दुसऱ्या आठवड्यात मुलांचे वाघ, खोक्याचा भोपळा आणि लेकीचं घर. रोज वीस-पंचवीस मिनिटं खूप झाली. बाकी वेळ कोपरा उघडा असतोच. एखादा दिवस मुलांना काहीच करायचं नसेल तर करू नका.

दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर मुलं गोष्ट मोडायला लागतील, आणि मला तो दिवस सगळ्यात आवडतो. भोपळ्याऐवजी कलिंगड, म्हातारीऐवजी म्हातारा, वाघाला ताप आलेला. तेव्हा शिकागोतल्या शिक्षिका व्हिव्हियन पेली यांची रीत वापरा. मूल गोष्ट सांगतं, आपण त्याच्याच शब्दांत लिहून घेतो, आणि त्याच दिवशी वर्ग ती करून दाखवतो. गोष्ट तीन वाक्यांची असली तरी चालते. लिहून घेताना व्याकरण सुधारू नका. आपण बोललेलं कागदावर उतरतं आणि वाचून तेच परत ऐकू येतं, हे ज्या मुलाने पाहिलं त्याला अक्षरं कशासाठी असतात ते कळतं. ‘भ’ गिरवण्यापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं, पण गिरवायला हवंच असं म्हणणाऱ्या शाळेत तुम्ही असाल तर तेही थोडं होईल.

मोठ्या मुलांना सांगायला एक गंमत: भोपळ्यात बसून जंगलातल्या जनावरांना चकवणारी म्हातारी इराणच्या लोककथेतही आहे आणि बंगालच्या गोष्टीतही ती लाउ म्हणजे दुधी भोपळ्यात बसते. शेवट सगळीकडे एकसारखा नाही. आपल्याकडेही कोणी म्हातारीला सुखरूप घरी पोचवतं, कोणी मधे भोपळा फोडतं. तुमच्या पुस्तकातला शेवट मुलांनी बदलला तर ती चुकत नाहीत.

हाच आराखडा दुसऱ्या पुस्तकाला लावताना एवढं बघा: त्यात पुन्हा पुन्हा घडणारा प्रसंग आहे का, सगळ्यांना मिळून म्हणता येईल असं काही आहे का, कुठून कुठे तरी जाणं आहे का. हे असेल तर ते खेळायला सोपं जातं. पावसावरचं किंवा झोपेवरचं शांत पुस्तक असेल तर त्याचं नाटक करू नका, ते मांडीवर घेऊन वाचण्यासाठीच असतं.

राहिलं स्नेहसंमेलन. मुख्याध्यापिकाबाईंना नाही म्हणायची गरज नाही, पण प्रकार बदलून मागा. माईक तुमच्या हातात, गोष्ट तुम्ही वाचता, मुलं वर्गात खेळतात तेच मंचावर खेळतात. संवाद कोणालाच नाही, फक्त ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ सगळे मिळून म्हणतात, प्रेक्षकांतले पालकसुद्धा. म्हाताऱ्या सहा असू देत, वाघ पाच. पोशाख भाड्याने आणू नका. वर्गातल्याच ओढण्या आणि साडी वापरा, कारण नवीन कपड्यात मूल आपण कोण आहोत तेच विसरतं. सराव मंचावर एकदाच करा, तोही जागा कळण्यापुरता. ज्याला त्या दिवशी वर जायचं नसेल त्याने तुमच्या शेजारी बसून टाळ्या वाजवाव्यात, आणि हे त्याच्या पालकांना आदल्या आठवड्यातच सांगून ठेवा. बाई तयार नसतील, संवादच हवेत म्हणाल्या, तर त्यांना एकदा सकाळी वर्गात बोलवा. लेकीच्या कोपऱ्यात दहा मिनिटं बसवा, आणि शक्य झालं तर वाघाची ओढणी त्यांच्याच खांद्यावर द्या.